मुकं घड्याळ

आमच्या घरात सध्या दोन फॅमिली ग्रुप आहेत. एकात काका नाहीत, दुसऱ्यात आत्या नाही. मी दोन्हींत आहे, त्यामुळे गुड मॉर्निंगची फुलं मला डबल येतात. भांडण कशावरून? प्रॉपर्टी? नाही. सोनं? तेही नाही. भांडण आहे भिंतीवरच्या एका घड्याळावरून.

हसू नका. तुमच्याही गावाकडच्या घरात असं एखादं धूड असेलच. लाकडी पेटी, काच, आत हलणारा लंबक, आणि "हे खास विलायती बरं का" असं पाहुण्यांना सांगणारे एक आजोबा.

आमचं घड्याळ जुन्या जालन्याच्या वाड्यात आहे. आजी गेल्या वर्षी गेली. वाडा विकायचं ठरलं, दिवाळीनंतर ताबा द्यायचा. भांडीकुंडी वाटली गेली, फडताळं वाटली गेली, अगदी वरवंटासुद्धा मिळाला कोणाला तरी. अडलं ते दिवाणखान्यातल्या साहेबी घड्याळावर. काका म्हणाले, थोरला मी, घड्याळ माझं. आत्या म्हणाली, आईनं मला कबूल केलं होतं. तीन महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी बाबांनी एक आयडिया काढली. "तू ऑडिटमध्ये आहेस ना? तू जा. बघ, घड्याळाची खरी किंमत काय ती काढ. मग एकानं घड्याळ घ्यावं, दुसऱ्यानं पैसे."

आता माझं काम म्हणजे लोअर परळच्या एसी केबिनमध्ये बसून दुसऱ्यांच्या गोदामातल्या वस्तू कागदावर मोजणं. घड्याळातलं मला ओ की ठो कळत नाही. मनगटावरचं घड्याळसुद्धा पावलं मोजण्यासाठी. पण शुक्रवारची सुट्टी मिळत होती. म्हटलं, चला.

*

जालना म्हटलं की ऑफिसातल्या लोकांना एकच आठवतं, स्टील. फार तर बियाणं आणि मोसंबी. पण 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण त्याच्या कितीतरी आधीची, बाजारपेठ जोरात होती तेव्हाची. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद, म्हणजे नवा जालना. आणि जुना जालना खरोखरच जुना आहे. गांधी चमनला रिक्षातून उतरलं आणि आतल्या गल्लीत शिरलं, की अजून दगडी जोती दिसतात, सागवानी चौकटी दिसतात, आणि त्या चौकटींवर नव्या फ्लॅटस्कीमचे फ्लेक्ससुद्धा.

साहेबी घड्याळाची आमच्या घरातली स्टोरी अशी. जालन्यात इंग्रजांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. १८२७ साली उभारलेली. गाव निजामाचं, छावणीतले अधिकारी इंग्रज. आजोबांचे आजोबा तिथे कारकून होते. १९०३ साली छावणी मोडली, साहेब लोक निघाले, आणि जाताना एका साहेबानं आमच्या खापरपणजोबांना घड्याळ दिलं. का दिलं? कोणी म्हणतं बक्षीस, कोणी म्हणतं थकलेल्या पगाराच्या बदल्यात. स्टोरीला कागद नाही. म्हणजे ऑडिटच्या भाषेत, सपोर्टिंग डॉक्युमेंट निल.

आणि घड्याळ काय देखणं! दीड हात उंच पेटी, दोन्ही बाजूंना कातीव खांब, वर पंख पसरलेला लाकडी गरुड. तासाला घुमणारे टोल. लहानपणी सुट्टीत आम्ही सगळी भावंडं त्याच्याखाली गाद्या टाकून झोपायचो आणि बारा टोल मोजायला जागायचो. दहाच्या पुढे कोणीच गेलं नाही.

घरात दुसरंही एक घड्याळ होतं. माजघराच्या दारावर. साधं, गोल. शाळेत असायचं ना, तसं. पांढरी तबकडी धुरानं चहासारखी पिवळी पडलेली, भोवती काळपट लाकडी कडं. ते टोल द्यायचं नाही, म्हणून त्याचं नाव 'मुकं'. आजी दर रविवारी नहाणं झालं की स्टुलावर चढून त्याला चावी द्यायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. ती गेली त्या आठवड्यात ते थांबलं. काकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ते मुकं तू घिऊन जाय गं. भंगारवाल्याला द्यायचंच होतं मला."

*

जुन्या जालन्यात एक घड्याळजी चाचा आहेत. दुकान केव्हाच मुलाला दिलं, मुलानं त्यात मोबाइल कव्हरं भरली. चाचा आता घरी बसतात. काकांनी त्यांना रिक्षा पाठवून आणलं. ते आले, पांढरा रुमाल पसरला, त्यावर तीन पेचकस ठेवले आणि काकांनी दिलेला चहा न पिता आधी साहेबी घड्याळाखाली उभे राहिले.

"कित्ते दिन से बोल रहे तुम लोगां, विलायती है?" त्यांनी विचारलं.

"शंभर वर्षं झाली," काका म्हणाले.

चाचांनी यंत्र काढून मागची पितळी पट्टी उजेडाकडे धरली. पट्टीवर एक छोटा शिक्का होता. आठ टोकांचा तारा आणि मध्ये इंग्रजी जे. मी फोनवर शोधलं. युंगहान्स. गाव श्रामबेर्ग, ब्लॅक फॉरेस्ट. देश जर्मनी.

"जर्मन?" काका खालीच बसले.

चाचा त्यांना समजावत होते की माल उत्तम आहे, नकली नाही. आणि ते खरंच आहे. युंगहान्स हा १८६१ साली सुरू झालेला कारखाना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळांचा जगातला सगळ्यात मोठा. यंत्रानं कापलेली चाकं, यंत्रानं ठोकलेल्या पट्ट्या, वर गरुड लावून पेटी तयार. जगभर बोटी भरून ही घड्याळं जायची. आपल्याकडे ज्या कोरीव पेट्यांना आपण सरसकट 'इंग्लिश' म्हणतो, त्यातल्या पुष्कळ अशा जर्मन किंवा अमेरिकन आहेत. गोऱ्या माणसाचं ते इंग्लिश, एवढा सोपा आपला हिशेब.

काकांनी लगेच आत्याला फोन लावला नाही. मला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत कुणाला सांगू नको." मी म्हटलं, ठीक. आणि मुकं घड्याळ चादरीत गुंडाळून चाचांना सोडायला निघाले. म्हटलं, चालू झालं तर माझ्या वन बीएचकेत लावीन. अॅस्थेटिक दिसेल.

*

चाचांच्या ओसरीवर आम्ही ते पालथं ठेवलं. गोल तबकडीच्या मागे एक चौकोनी खोकं. आणि ते खोकं तबकडीला खिळ्यानं नाही, स्क्रूनं नाही, चार लाकडी खुंट्यांनी अडकवलेलं. चाचांनी अंगठ्यानं एकेक खुंटी दाबून काढली. शंभरेक वर्षांनंतर चारही खुंट्या सुटल्या, एकही तुटली नाही. खोकं बाजूला झालं आणि यंत्र उघडं पडलं.

चाचा गप्प झाले. मग मला जवळ बोलावलं. "बेटा, ये देख. लट्टू दिखता?"

दिसत होता की! आतमध्ये चक्क एक पितळी भोवरा आडवा बसवलेला. भोवऱ्याला जशी जाळी गुंडाळायला खाचा असतात, तशी त्याच्यावर खालपासून वरपर्यंत चढत जाणारी खाच. आणि त्या खाचेत गुंडाळलेली सायकलच्या चेनसारखी, पण इवलीशी पोलादी साखळी. साखळीचं दुसरं टोक शेजारच्या पितळी डबीला.

"इसको फ्यूझी बोलते. जर्मन में नहीं मिलता ऐसा. ये है तुम्हारा विलायती."

म्हणजे? म्हणजे जो गरुडवाला, तो जर्मन. आणि भंगारात निघालेलं मुकं, ते इंग्लिश!

चाचांनी मला जे समजावलं आणि परतीच्या प्रवासात मी जे वाचलं, ते थोडक्यात सांगते. बोअर होणार नाही, प्रॉमिस.

चावी दिली की घड्याळातली कमान आवळली जाते. आवळलेली कमान सुटायला धडपडते, त्या धडपडीवर घड्याळ चालतं. पण गोची अशी, की चावी दिल्या दिल्या कमान तट्ट असते आणि आठवड्याच्या शेवटी ढिली. जोर बदलला की वेळ बदलते. रविवारी घाई, शनिवारी रेंगाळणं. आपल्यासारखंच.

यावरचा उपाय म्हणजे हा भोवरा. एक प्रयोग करा. दार बिजागरीजवळ ढकला, जीव जातो. तेच दार कडेला ढकला, एका बोटानं उघडतं. बिजागरीपासून जितकं लांब, तितका कमी जोर पुरतो. फ्यूझीत हेच केलंय. कमान तट्ट असते तेव्हा साखळी भोवऱ्याच्या अरुंद टोकाला ओढते. जोर भरपूर, पण अंतर कमी. कमान जसजशी थकते तसतशी साखळी रुंद भागाकडे सरकते. जोर कमी, पण अंतर जास्त. हिशेब तोच! चाकांना पहिल्या दिवशी जेवढा जोर मिळतो, जवळपास तेवढाच आठव्या दिवशी. सोमवारी आणि शुक्रवारी सेम परफॉर्मन्स. आमच्या एचआरला दाखवायला पाहिजे.

आणि हे जमण्यासाठी त्या भोवऱ्याचा उतार त्या कमानीशी जुळायला हवा. जास्त फुगला तरी चुकलं, जास्त चपटा झाला तरी चुकलं. साखळी पूर्ण चढली की एक छोटा पोलादी आकडा आडवा येतो आणि चावी पुढे फिरूच देत नाही, म्हणजे घाईत कोणी जास्त आवळली तरी साखळी तुटत नाही.

गंमत म्हणजे एवढं सगळं करून बाहेरून काय? काहीच नाही. गोल महोगनीचं कडं, पितळी पट्टीत बसवलेली काच, लोखंडी पत्र्यावर रंगवलेले रोमन आकडे, निळसर झाक दिलेले पोलादी काटे. बस. इंग्लंडमध्ये ही घड्याळं शाळांत, कचेऱ्यांत, रेल्वे स्टेशनांवर लागायची. लांबून वाचता आलं पाहिजे आणि रोज चाललं पाहिजे, एवढीच अपेक्षा. नक्षीचा खर्च वाचवून तो आत, जिथे कोणी बघत नाही तिथे केलेला.

*

"पण चाचा, तबकडीवर तर बॉम्बे लिहिलंय," मी म्हटलं. मध्यभागाच्या खाली काहीतरी नाव होतं. ते पुसलं गेलेलं, फक्त 'बॉम्बे' ही इंग्रजी अक्षरं उरलेली. त्यामुळेच घरात सगळे म्हणायचे, हे मुंबईचं लोकल.

चाचा हसले. तबकडीवरचं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्याचं नाही. लंडनमध्ये क्लर्कनवेल नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गल्ल्यांत एकजण फक्त चाकं कापायचा, एकजण फक्त कमानी करायचा, एकजण तबकड्या रंगवायचा, एकजण पेट्या. सगळं जुळवून घड्याळ तयार झालं, की दुकानदार आपलं नाव टाकून घ्यायचा. दुकान लंडनचं असो, कलकत्त्याचं असो की मुंबईचं. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये तुम्ही ते प्रसिद्ध घड्याळ पाहिलं असेल, दर तासाला छोटासा पहारेकरी बाहेर येऊन टोल देतो आणि खाली दोनशे माणसं मोबाइल वर धरून उभी असतात. त्यावर नाव आहे कुक अँड केल्वी, कलकत्ता. सुटे भाग मात्र इंग्लंडहून आलेले.

म्हणजे आपण ज्या कारागिराला शाबासकी द्यायची, त्याचं नाव कुठेच नाही. साखळीचंच बघा. खिशातल्या घड्याळांसाठी लागणाऱ्या अशा साखळ्या इंग्लंडच्या दक्षिणेला क्राइस्टचर्च नावाच्या गावात व्हायच्या, अठराव्या शतकाच्या शेवटापासून. केसाएवढ्या बारीक कड्या, त्यांना त्याहून बारीक रिवेट. करणाऱ्या कोण? बायका आणि मुली, त्यातल्या बऱ्याच अनाथालयवजा कामघरांतल्या. खिडकीच्या उजेडात भिंग लावून दिवसभर. डोळे जायचे. 'इंग्लिश क्राफ्ट्समनशिप' म्हणताना डोळ्यांपुढे पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा येतो ना, त्याच्या शेजारी या मुलींनाही बसवायला हवं.

मग एवढं भारी यंत्र गेलं कुठे? उत्तर बिझनेस स्कूलमध्ये शिकवावं असं आहे. १८४२ साली चॉन्सी जेरोम नावाच्या अमेरिकन कारखानदारानं यंत्रावर ठोकलेली स्वस्त पितळी घड्याळं इंग्लंडला पाठवली. इंग्लिश कस्टमवाल्यांना किंमत इतकी कमी वाटली, की त्यांनी ठरवलं, हा ड्यूटी चुकवतोय. नियमाप्रमाणे त्यांनी जाहीर किमतीवर दहा टक्के देऊन अख्खा माल जप्त केला. जेरोम खूश! न विकता माल खपला. त्यानं लगेच दुसरी खेप पाठवली. तीही जप्त, तेही पैसे रोख. तिसऱ्या खेपेला कस्टमच्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर बाजार उघडला होता. मागोमाग जर्मन आले. क्लर्कनवेलचे लोक हातानं भोवरे कातत राहिले आणि ऑर्डरी कमी होत गेल्या. चांगल्या कमानीला भोवऱ्याशिवायही बऱ्यापैकी चालवता येतं, हे आमच्या गरुडानं शंभर वर्षं सिद्ध केलंच आहे. आणि आज दीडदोनशे रुपयांचं प्लॅस्टिकचं क्वार्ट्झ घड्याळ या दोघांपेक्षा अचूक वेळ दाखवतं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्याच्यापुढे लंबक काय करणार?

*

चाचांनी यंत्र सोडवायला घेतलं. घड्याळ थांबण्याचं कारण लगेच सापडलं. खोबरेल. आजी दिवाळीला कापसाच्या बोळ्यानं घड्याळाला तेलाचा हात द्यायची. ते तेल सुकून डिंक झालेलं. त्यावर चुलीचा धूर. आणि तबकडीवरचं नावसुद्धा तिनंच पुसलेलं, दर वर्षी ओल्या फडक्यानं, प्रेमानं.

"नाव रहता तो क़ीमत और बढ़ती," चाचा म्हणाले. मग थांबून, "पर तेरी दादी चावी नहीं देती तो घड़ी कबकी भंगार में जाती."

रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासल्यावर मागची पितळी पट्टी उजळली. त्यावर बारीक ओरखडे दिसले. मला वाटलं, खराब झालं. चाचांनी भिंग दिलं. ओरखडे नव्हते, अक्षरं होती. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, सुईनं आपली खूण आणि साल कोरून ठेवतो. पूर्वीपासूनची पद्धत आहे, लंडनमध्येही आणि इथेही. आमच्या पट्टीवर चार खुणा होत्या. एक इंग्रजीत, १९११. एक मराठीत, साल पुसट. दोन उर्दूत. शेवटच्या उर्दू खुणेवर चाचांचं बोट थांबलं.

"ये मेरे उस्ताद का हाथ है. १९६४."

त्यानंतर बराच वेळ त्यांनी काही म्हटलं नाही. मीही नाही. मागे मशिदीतून अजान झाली, कुणाचा तरी प्रेशर कुकर वाजला. चाचांनी शांतपणे चाकं जागेवर बसवली, साखळी भोवऱ्यावर चढवली, लंबक अडकवला. आणि घड्याळ चाललं. गरुडासारखं खणखणीत नाही. जड, संथ, माजघरातल्या दुपारीसारखं. तो आवाज ऐकला आणि मला एकदम स्टुलावर चढलेली आजी दिसली, पदर कमरेला खोचून.

चार खुंट्या परत बसवण्याआधी चाचांनी सुई घेतली आणि उस्तादांच्या खुणेखाली स्वतःची खूण कोरली.

*

आता येतो प्रॉब्लेम.

रिक्षात घड्याळ मांडीवर घेऊन मी फोनवर बाहेरच्या देशातल्या लिलावांच्या साइट बघितल्या. लाखोंचा मामला नाही, उगाच डोळे मोठे करू नका. नाव पुसलेल्या साध्या फ्यूझीला माझ्या होम लोनचे एखाद-दोन हप्ते जातील एवढं मिळतं. गाडी नाही येणार, पण बरा फोन येईल. मुद्दा आकड्याचा नव्हता. मुद्दा असा, की हे मला एकटीलाच माहीत होतं. काकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, घेऊन जा. चाचा कोणाला सांगायला जाणार नव्हते. गाडी रात्रीची. चादरीत गुंडाळून बर्थखाली सरकवलं, की संपलं.

आणि मला ते हवं होतं, खरंच. विकायला नाही. माझ्या भिंतीवर, ती टिकटिक माझ्या घरात.

पण मी नोकरी काय करते? दिवसभर लोकांना विचारते, "ही गोष्ट पुस्तकात का दाखवली नाही?" आणि लोक जी उत्तरं देतात ती सगळी मला त्या रिक्षात आठवली. 'कोणी विचारलंच नाही.' 'तशी फार मोठी रक्कम नव्हती.' 'त्यांनीच तर दिलं होतं.'

वाड्यात पोचले आणि काकांना सगळं सांगितलं. भोवरा, साखळी, उस्तादांची खूण, लिलावाचे आकडेसुद्धा. काकांनी मुक्याकडे पाहिलं. ते चालू होतं. ते जवळ गेले आणि काचेला कान लावला. साठी उलटलेला माणूस, घड्याळाला कान लावून.

"मला आईनं कधी चावी देऊ दिली नाही," ते म्हणाले. "मी दहा वर्षांचा असताना पकडलं होतं स्टुलावर. लई मारलं."

मग खूप वेळानं म्हणाले, "हे राहू दे गं माझ्याकडं. गरुड तायडीला दे. फोन लाव तिला."

मला वाईट वाटलं. कामून सांगितलं, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू? सांगितल्यावर काका भारावून म्हणतील, "तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल तूच घे," असा एक सिनेमा माझ्या डोक्यात चालू होता. तो लागलाच नाही. पण फोन मी लावला. आत्या आधी रागानं बोलली, मग 'जर्मन' ऐकून हसत सुटली, मग रडली. म्हणाली, "जर्मन असो नाहीतर जपानी, त्याचे टोल ऐकत मी मॅट्रिकचा अभ्यास केलाय." तेवढ्यानं दोन ग्रुपांचा एक झाला नाही. पण भावा-बहिणीचा फोन तेवीस मिनिटं चालला, मी बघत होते.

मी रिकाम्या हातानं मुंबईला आले.

*

परवा कामानिमित्त फोर्टला गेले होते. राजाबाई टॉवरखाली थांबले. इतक्या वर्षांत मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं. १८७८ साली पूर्ण झालेला २८० फुटांचा मनोरा, प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, आईचं नाव ठेवलं. वरचं घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली यांचं. एक गोष्ट मला नव्यानं कळली. १९०६ साली भारताची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईनं ती मानली नाही. इथली स्वतःची 'बॉम्बे टाइम' होती, ३९ मिनिटं मागे. ती चांगली १९५५ पर्यंत टिकली. स्टेशनात एक वेळ, शहरात दुसरी. म्हणजे घड्याळाची वेळ यंत्र नुसतं दाखवतं, ठरवतात माणसंच.

आता दर रविवारी सकाळी काकांचा फोन येतो. नव्या फ्लॅटमध्ये त्यांनी मुकं लावलंय, स्वयंपाकघराच्या दारावर. स्टूलही वाड्यातलंच. "चावी दिली गं," एवढंच सांगायला फोन. नऊच्या ठोक्याला देतात, एक मिनिट इकडेतिकडे नाही.

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा माझ्या मोबाइलवर नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

मी म्हटलं, "काका, घड्याळ मागे पडतंय. लंबकाच्या खालचा नट थोडा वर फिरवा, चाचांनी दाखवलाय ना."

"कामून?" काका म्हणाले. "आमच्याकडे नऊच वाजलेत."